क्रूझची कोंबडी आणि क्रूझचा मसाला

प्रश्न : पुढल्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त भूमध्य समुद्रातील सात रात्रींची क्रूझ करावी, असे माझ्या मनात आहे. मी, माझे पती, पंधरा वर्षांचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे जाणार आहोत. जाहिरातीतले भाडे चांगल्या हॉटेलातील मुक्कामापेक्षाही कमी वाटले. पती मात्र म्हणतात, की ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहे. जहाजावर पाऊल ठेवले की प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजावे लागतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि आपल्याला बोट लागेल, ही त्यांना भीती आहे. मुलाला घसरगुंड्या आणि वायफाय एवढेच हवे आहे. ही सहल आमच्या आवाक्यात बसेल का? आणि चौघांनाही ती आनंदाची व्हावी, यासाठी आधी काय काय पाहावे?

उत्तर : तुमच्या यजमानांचे म्हणणे निम्मे खरे आहे. मसाला महाग असतो, यात शंका नाही. पण तो पातेल्यात कोण टाकतो, हे त्यांनी पाहिलेले नाही. क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा प्रवाशाने जहाजावर आल्यानंतर केलेल्या खर्चातून येतो आणि म्हणूनच मूळ भाडे इतके मोहक ठेवणे त्यांना परवडते. त्यात फसवणूक नाही, तो उघड व्यवहार आहे. त्या खर्चातील थोडा भाग सक्तीचा असतो आणि उरलेला सगळा ऐच्छिक. कोणता ऐच्छिक खर्च करायचा, हे घरी बसून शांतपणे ठरवले, तर तुमची सहल आवाक्यात राहील; जहाजावर वाऱ्याची झुळूक अंगावर घेत, हातात रंगीत पेला घेऊन ठरवले, तर यजमानांचेच म्हणणे खरे ठरेल.

आधी सक्तीचा भाग पाहू. जाहिरातीतील भाडे बहुतेक वेळा माणशी असते आणि एका खोलीत दोघे राहणार असे धरून काढलेले असते. त्यात बंदरांचे कर व शुल्क काही वेळा धरलेले असते, काही वेळा नसते; म्हणून चौघांची सर्व करांसहित रक्कम लेखी मागवून घ्यावी. दुसरी रक्कम सेवकवर्गाच्या बक्षिशीची. अनेक कंपन्या ती माणशी, दर दिवशी अशी ठरवून तुमच्या जहाजावरील खात्यात आपोआप नोंदवतात आणि एकाच खोलीतील मुलालाही ती बहुधा लागू होते. सात दिवस गुणिले चार माणसे, असा हिशेब केलात की ही रक्कम किरकोळ नाही हे लक्षात येईल. काही कंपन्या ती भाड्यातच धरतात, त्यामुळे दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करताना हा फरक विसरल्यास स्वस्त वाटलेले जहाज प्रत्यक्षात महाग निघते. तिसरा खर्च जहाजापर्यंत पोहोचण्याचा, म्हणजे विमान, व्हिसा, विमा आणि बंदराच्या शहरात आदल्या रात्रीचा मुक्काम.

हा मुक्काम अनेकांना उधळपट्टी वाटतो. मला तो विम्याइतकाच आवश्यक वाटतो. जहाज ज्या दिवशी सुटणार त्याच दिवशीच्या विमानाने जाणे म्हणजे संपूर्ण सहल एका उड्डाणाच्या वेळेवर पणाला लावणे होय, कारण तुम्ही स्वतंत्रपणे काढलेल्या तिकिटाचे विमान उशिरा आले तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही आणि पुढचे बंदर कदाचित दुसऱ्याच देशात असते. सासूबाईंच्या दृष्टीनेही विमानातून उतरून थेट धक्क्यावरच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा एक रात्र झोप घेऊन दुपारी निवांतपणे जहाजावर चढणे केव्हाही बरे.

आता भाड्यात काय मिळते ते पाहा, कारण तेही थोडेथोडके नसते. खोली, मुख्य भोजनगृहातील आणि बुफेतील तिन्ही वेळचे जेवण, संध्याकाळचे रंगमंचीय कार्यक्रम, पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, लहान मुलांसाठी व किशोरवयीनांसाठी वेगळे कक्ष हे सारे सर्वसाधारणपणे भाड्यात येते. मुलाला हव्या असलेल्या घसरगुंड्या मोठ्या जहाजांवर बहुधा फुकट असतात. वायफाय मात्र नसतो. मद्य, बाटलीबंद शीतपेये, यंत्रावरची खास कॉफी, वेगळी उपाहारगृहे, मालिश, छायाचित्रे, कपड्यांची धुलाई, किनाऱ्यावरच्या सहली, कॅसिनो आणि दवाखाना यांचे पैसे वेगळे पडतात. काही युरोपीय कंपन्यांच्या मुख्य भोजनगृहात टेबलावर येणारे बाटलीबंद पाणीसुद्धा विकत असते, हे ऐकून पहिल्या रात्री अनेक कुटुंबांचे चेहरे पडतात. बुफेमध्ये पाणी आणि साधा चहा-कॉफी बहुधा मोफत असते, पण कोणत्या वेळेत, हे कंपनीला आधीच विचारावे.

पेयांच्या पॅकेजबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण कुटुंबांचा हिशेब सर्वाधिक इथेच चुकतो. ठरावीक रोजच्या रकमेत हवी तितकी पेये, हे ऐकायला स्वस्त वाटते. परंतु अनेक कंपन्यांचा नियम असा असतो, की एका खोलीतील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्या खोलीतील सर्व प्रौढांनी ते घ्यावे, आणि ते संपूर्ण सफरीसाठी घ्यावे. त्या दरावर सेवाशुल्क आणखी वेगळे. बंदराच्या दिवशी तुम्ही सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत गावात असता, तरी त्या दिवसाचे पैसे भरलेलेच असतात. तेव्हा आपण एका दिवसात खरोखर काय पितो, हे कागदावर लिहून सुट्या दरांनी बेरीज करून पाहा. तुमच्या घरात रात्रीच्या जेवणाबरोबर एखादा पेला आणि मुलाची दोन शीतपेये एवढीच मागणी असेल, तर सुटे घेणेच परवडेल. पॅकेज घ्यायचेच ठरले, तर ते निघण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावे, कारण जहाजावरचा दर बहुधा चढा असतो. वायफायलाही हाच नियम लागतो. एका उपकरणाचे पॅकेज घेऊन ते आळीपाळीने वापरता येते. मुलगा कुरकुर करील, पण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्या वयाची टोळी सापडली की त्याला मोबाइलची फारशी आठवणही राहणार नाही.

मोबाइलवरून एक सावधगिरी. खोल समुद्रात जहाजाचे स्वतःचे उपग्रहाधारित मोबाइल जाळे असते आणि जमिनीवरच्या देशांसाठी घेतलेल्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा बसत नाही. फोन नुसता खिशात असला तरी तो त्या जाळ्याला जोडला जाऊन भलेमोठे बिल येऊ शकते. जहाज धक्का सोडताच चौघांचेही फोन विमान-मोडवर टाकावेत.

मुलाच्या हातात जे प्लास्टिकचे कार्ड येते, ते खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट असे तिन्ही असते, हेही लक्षात घ्या. व्हिडिओ गेमच्या दालनात ते कार्ड यंत्राला लावले की खेळ सुरू होतो आणि रक्कम तुमच्या बिलात चढत जाते, मात्र खर्च झाल्याची जाणीव कोणालाच होत नाही. पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात जाऊन त्याच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या, किंवा मर्यादा घालून घ्या. खात्याची नोंद रोज रात्री पाच मिनिटे पाहण्याची सवयही ठेवा. चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी सहज दुरुस्त होते, शेवटच्या सकाळी मात्र त्यासाठी लांब रांग असते. खाते युरोत किंवा डॉलरमध्ये चालत असेल आणि शेवटी ‘तुमच्या चलनात रक्कम वळवून देऊ का’ असे विचारले गेले, तर नम्रपणे नकार द्या, कारण त्या सोयीचा विनिमय दर क्वचितच तुमच्या फायद्याचा असतो.

आता खोली. चौघांना एका बाल्कनीच्या खोलीत बसवण्याचा मोह होईल, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे कमी असल्यामुळे ते कागदावर स्वस्तही दिसेल. पण ती खोली डोळ्यांसमोर आणा. दोन पलंग, भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायच्या दोन वरच्या बर्थ, त्यांना लावलेली शिडी, चौघांच्या बॅगा आणि एकच स्नानगृह, ज्याचे दार उघडले की बाहेरच्याला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. रात्री दोन वाजता सासूबाईंना उठायचे झाले, तर त्या शिडीला वळसा घालून जावे लागेल. याऐवजी शेजारी-शेजारी किंवा समोरासमोर अशा दोन आतल्या खोल्या, म्हणजे खिडकी नसलेल्या, घेतल्यास एकूण भाडे कित्येकदा त्याच सुमारास येते आणि स्नानगृहे दोन मिळतात. एकीत आजी व नातू, दुसरीत तुम्ही दोघे. आतल्या खोलीत दिवसरात्र कळत नाही आणि दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. बॅटरीवरचा छोटा दिवा बरोबर ठेवावा. ही तुमची पंचविशी आहे, हे मी विसरलेलो नाही. हिशेबात बसत असेल, तर तुमची एक खोली बाल्कनीची आणि मार्गिकेच्या पलीकडे आजी-नातवाची आतली खोली, ही रचना मला सर्वांत आवडते. सकाळचा चहा चौघेही बाल्कनीत घेऊ शकता.

सासूबाईंसाठी आणखी एक बारीक गोष्ट. जहाजावरच्या साध्या खोल्यांत स्नानगृहाच्या दाराशी उंच उंबरा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो केलेला असतो, पण दुखऱ्या गुडघ्यांना तो दिवसातून दहा वेळा ओलांडणे जड जाते. दिव्यांग प्रवाशांसाठीच्या खोल्यांत तो उंबरा नसतो, दारे रुंद असतात आणि धरायला दांड्या असतात. परंतु अशा खोल्या संख्येने थोड्या असतात आणि खरी गरज असणाऱ्यांसाठीच राखलेल्या असतात. सासूबाई चाकाची खुर्ची किंवा वॉकर वापरत असतील, तर आरक्षण करतानाच तसे स्पष्ट सांगा. वापरत नसतील, तर साधी खोली लिफ्टच्या जवळ, पण लिफ्टच्या अगदी दाराशी नव्हे, अशी निवडा.

बोट लागण्याची भीती मनात असेल, तर खोली जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांपैकी एकावर घ्यावी. बागेतल्या सी-सॉच्या फळीचा मध्य कमी हलतो आणि टोके जास्त हलतात, तसेच इथे होते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. ते बाजूंना डोलणे बरेच कमी करतात, मात्र पुढून-मागून होणारी उचल-आपट त्यांनी थांबत नाही. म्हणूनच पुढच्या टोकाच्या खोल्या टाळाव्यात. त्याच वेळी जहाजाचा मजलावार नकाशा उघडून आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे, ते पाहून घ्यावे. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह किंवा नाचघर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल ऐकू येतो. वरही खोल्या आणि खालीही खोल्या, अशी जागा सर्वांत शांत. कंपनी स्वतःच्या मर्जीने खोली देणार असेल, तर भाडे कमी पडते; एकट्यादुकट्या तरुणाला ती सवलत ठीक आहे, पण तुमच्यासाठी जागा निवडण्याचा हक्क त्या बचतीपेक्षा मोलाचा आहे.

बोट लागण्यावरचे औषध मळमळ सुरू होण्यापूर्वी घेतले, तरच नीट उपयोगी पडते. सासूबाईंनी ते परस्पर घेऊ नये. यातील बहुतेक गोळ्यांनी झोप येते, आणि कानामागे लावायच्या पट्टीने वयस्कर माणसांना गोंधळल्यासारखे होऊ शकते. काचबिंदूच्या काही रुग्णांना तर ती चालतच नाही. त्यांच्या चालू गोळ्यांची यादी दाखवून डॉक्टरांकडून आधीच निवड करून घ्यावी. आल्याचा तुकडा, कोरडे काहीतरी खाणे, मोकळ्या हवेत जहाजाच्या मध्यावर बसून क्षितिजाकडे पाहत राहणे, एवढ्यानेही पुष्कळांचे भागते. उन्हाळ्यात भूमध्य समुद्र अटलांटिकच्या मानाने बराच शांत असतो. मात्र एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा जोरदार वारा वाहतो, आणि मुलाची सुट्टी नेमकी तेव्हाच असेल तर ग्रीक बेटांपेक्षा पश्चिम भूमध्याचा मार्ग सासूबाईंना मानवेल. सुट्टीचे बंधन नसेल तर मे महिना किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ भाड्याच्या, गर्दीच्या आणि उन्हाच्याही दृष्टीने अधिक सुखाचा.

यावरून मार्गाकडे येतो. माझ्या मते जहाजापेक्षा मार्गावर अधिक वेळ खर्च करावा, आणि बहुतेक लोक नेमके उलटे करतात. माहितीपत्रकात लिहिलेले शहर आणि जहाज जिथे प्रत्यक्ष लागते ते बंदर, यांत कित्येकदा बराच प्रवास असतो. ‘रोम’ म्हणजे चिविताव्हेकिया हे बंदर, आणि तेथून रोम सुमारे ऐंशी किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तेथूनही जवळपास तेवढेच अंतर. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठ्या क्रूझ जहाजांना 1 ऑगस्ट 2021 पासून बंदी आहे, त्यामुळे व्हेनिसच्या नावाने विकलेल्या काही सफरी प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथून सुटतात आणि ही दोन्ही गावे व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. बार्सिलोना, पाल्मा, मार्सेय, नेपल्स, व्हॅलेटा या बंदरांत मात्र जहाज शहरालाच किंवा त्याच्या जवळ लागते. व्हॅलेटात धक्क्याजवळून लिफ्टने वरच्या बागेत जाता येते. दुखरे गुडघे घेऊन निघालेल्या माणसाला ही माहिती कोणत्याही राजवाड्याच्या वर्णनापेक्षा उपयोगाची आहे.

सँटोरिनी या ग्रीक बेटावर याच्या अगदी उलट स्थिती आहे. तिथे मोठे जहाज समुद्रातच उभे राहते, लहान होड्यांतून, जुन्या भाषेत पडावांतून, प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात आणि तिथून कड्यावरच्या फिरा गावात जायला केबल कार, पायऱ्या किंवा गाढव एवढेच पर्याय उरतात. तीन-चार जहाजे एकाच दिवशी आली की केबल कारची रांग तासाच्या वर जाते. हलत्या होडीत पाऊल टाकणे, मग ती रांग, मग वर खडबडीत गल्ल्या. सासूबाईंना हे जमेल का, याचा प्रामाणिक विचार करा. वारा फार असेल तर होड्या सोडल्या जात नाहीत आणि ते बंदर रद्द होते. करारात तशी मुभा कंपनीने ठेवलेली असते आणि त्याबद्दल बहुधा बंदराचे शुल्क तेवढे परत मिळते. त्यातच 2025 पासून ग्रीसने क्रूझने येऊन बेटांवर उतरणाऱ्या प्रवाशांवर शुल्क आकारायला सुरुवात केली असून भर हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोस येथे ते सर्वाधिक आहे. सँटोरिनी पाहू नये असे मी म्हणत नाही; ते या वेळी, या चौघांसाठी, क्रूझने पाहू नये, एवढेच म्हणतो.

सात रात्रींत सहा बंदरे पाहून हुरळून जाऊ नका. रोज सकाळी सातला उठून बाहेर पडणे आणि संध्याकाळी पाय ओढत परतणे याने चौथ्या दिवशी सारे कुटुंब चिडचिडे होते. मधला एक पूर्ण दिवस समुद्रावर असलेला मार्ग शोधा. त्या दिवशी तुम्ही जहाजाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल करता, आणि विशेष म्हणजे त्यासाठी नवा खर्च काही करावा लागत नाही.

किनाऱ्यावरच्या सहली जहाजाच्या कंपनीकडून घ्याव्यात की स्वतः कराव्यात, याचे उत्तर बंदरागणिक वेगळे आहे. जहाज शहराला लागत असेल तर पायी किंवा स्थानिक बसने फिरणे कितीतरी स्वस्त पडते. रोमसारखे लांबचे शहर असेल तर चित्र बदलते, कारण कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबते किंवा कंपनी प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची व्यवस्था करते. तुम्ही स्वतः रेल्वेने गेलात आणि रेल्वे अडकली, तर तशी हमी नसते. तुमच्या बाबतीत मी एवढेच सुचवीन, की लांबच्या एका शहरासाठी कंपनीची सहल घ्या आणि बाकी बंदरे स्वतः फिरा. शिवाय एखाद्या बंदरात सासूबाईंना जहाजावरच राहू द्या. हजारो माणसे उतरून गेलेले जहाज, मोकळ्या खुर्च्या आणि शांत वाचनालय ही चैन अनेकांना ठाऊकच नसते. त्या एकट्या राहणार असतील तर नातवाच्या फोनवर भिस्त ठेवू नका. स्वागतकक्षाचा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या खोलीत ठेवा.

वेळेबद्दलचा धडा मी स्वतः शिकलेला आहे. जहाजाचे घड्याळ आणि बंदराचे घड्याळ नेहमी सारखे असतेच असे नाही, आणि परतण्याची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाची असते. माझ्या दुसऱ्या सफरीत एका बेटावर आम्ही निवांत कॉफी पीत बसलो होतो. फोनमध्ये तीन वाजून वीस मिनिटे झाली होती आणि परतण्याची वेळ साडेचारची होती. तेवढ्यात गळ्यात आमच्याच जहाजाचे कार्ड अडकवलेली एक बाई दोन्ही चपला हातात घेऊन पळत गेली. माझ्या पत्नीने मनगटावरचे जुने घड्याळ पाहिले, जे तिने जहाजाच्या वेळेवर लावून ठेवले होते; त्यात चार वाजून वीस मिनिटे झाली होती. फोनने बेटाची वेळ स्वतःहून धरली होती. आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा शिडीपाशी अंथरलेली चटई गुंडाळून झाली होती आणि हात धुण्याच्या द्रवाची बाटली उचलून नेत होते. तेव्हापासून मी सफरीत साधे, काट्यांचे, इंटरनेटशी काही संबंध नसलेले घड्याळ बांधतो.

आरक्षणाबाबत थोडक्यात. जानेवारी ते मार्च या काळात कंपन्या सवलती मोठ्या प्रमाणात जाहीर करतात. तुमच्याकडे वर्षभर आहे आणि दोन जवळच्या खोल्या हव्या आहेत, म्हणून शेवटच्या क्षणीच्या घसरलेल्या भाड्याची वाट पाहू नका. लवकर घ्या, पण अनामत परत मिळणारा दर घ्या. संपूर्ण रक्कम भरण्याची मुदत बहुधा सफरीच्या दोन ते चार महिने आधी असते. त्या मुदतीपर्यंत आठवड्यातून एकदा भाडे पाहत राहा, आणि ते उतरले असेल तर नव्या दराने आरक्षण बदलून मागा. पुष्कळ ठिकाणी ते मिळते, मात्र न मागता कोणी देत नाही. प्रवास विमा अनामत भरल्याबरोबर काढा. सासूबाईंचे वय आणि जुने आजार त्यात स्पष्ट नोंदवा, आणि समुद्रावरून हेलिकॉप्टरने किंवा रुग्णवाहिकेने हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे का, हे वाचून घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, परंतु तपासणीचे व औषधांचे बिल तिथल्या तिथे खात्यात पडते आणि ते खासगी दवाखान्याच्या तोडीचे असते. घरचा नेहमीचा आरोग्य विमा तिथे सहसा चालत नाही.

पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो, परतीच्या तारखेनंतर तो किमान सहा महिने वैध असू द्यावा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, लागत असेल तर मार्गावर तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रोसारखा शेंगेनबाहेरचा देश आहे का ते पाहा. असल्यास तुम्ही त्या क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत येता, म्हणून एकापेक्षा अधिक वेळा प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा मागावा लागतो. कागद अपुरे असले तर जहाजावर चढूच देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. इस्त्री आणि अनेक प्लग लावायच्या विजेच्या पट्ट्या बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने काढून घेतात, तेव्हा त्या नेऊच नका. समारंभी पोशाखाची एखादी रात्र असते, ती ऐच्छिक असते. तुमचा वाढदिवसाला घालण्याजोगा एक जोड पुरेल. पहिल्या दिवशी धक्क्यावर दिलेल्या मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून सर्वांची औषधे, कागदपत्रे आणि मुलाचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बाकीचे प्रवासी रिकाम्या हाताने तलावाकडे पाहत बसतात, तेव्हा तुमचा मुलगा रांग नसलेल्या घसरगुंडीवर असेल. त्याच दुपारी सुरक्षेची कवायत होते. 2012 मधील कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला आहे. सासूबाईंना त्यांच्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा जिन्याने, हळूहळू, चालवून न्या, कारण आग लागल्यास लिफ्ट बंद असतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी उठेपर्यंत त्या धक्क्यावर गेलेल्या असतात. एका सफरीत मी एका सद्गृहस्थांना स्वागतकक्षापाशी पट्ट्यापट्ट्यांच्या रात्रीच्या पायजम्यात, पायात जहाजाच्या कापडी सपाता, अशा वेशात अत्यंत गंभीर चेहऱ्याने बिलाची रांग धरलेले पाहिले आहे. त्यांच्या पत्नीने रात्री फारच नेटकेपणाने आवराआवर केली होती. तेव्हा त्या रात्री दार लावण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीचे चार जणांचे कपडे, सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्या आणि त्यांचे बूट खोलीतच आहेत ना, हे एकदा पाहून घ्या.